लहूची अक्षरं

कमळला वाचता येत नाही, हे मला फेब्रुवारीच्या शेवटी कळलं. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. आज कुणी विचारलं तर मी ठामपणे काहीच सांगू शकणार नाही.

अंधेरीच्या पुढे, वेसाव्याच्या बाजूला खाडीकाठी आमची शाळा होती. पहिलीचा वर्ग माझ्याकडे. अठ्ठेचाळीस मुलं, त्यातली चाळीस तरी कोळ्यांची. सदुसष्ट सालच्या मे महिन्यात आम्हा शिक्षिकांचं घाटकोपरला दहा दिवसांचं शिबिर झालं होतं. तिथे मृणालिनीबाई म्हणून एक होत्या, त्यांनी आम्हाला गटपद्धत शिकवली. चार-चार मुलांचे गट करायचे. एक हुशार, दोन मध्यम, एक मागे पडलेलं. गटाला मिळून एकच पुस्तक, एकच पाटी. अडलं की बाईंकडे धावत यायचं नाही, आधी आपसात विचारायचं. आणि शाबासकी द्यायची ती एकट्यादुकट्याला नाही, सगळ्या गटाला. "मुलं मुलांकडून जितकं शिकतात तितकं आपल्याकडून शिकत नाहीत," असं त्या म्हणाल्या. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

ही पद्धत मला आवडली त्याला दुसरंही एक कारण होतं, ते मी शिबिरात कुणाला सांगितलं नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझी मुलगी लता चार महिन्यांची होती. दिवसभर तिला शेजारच्या जानकीकाकू सांभाळायच्या. शाळेपासून आमची खोली दहा मिनिटांवर. मधल्या सुट्टीत धावत जायचं, तिला पाजायचं, ती सोडत नसेल तर बोट तोंडात घालून हळूच सोडवायचं, आणि परत धावत यायचं. उशीर व्हायचाच. कधी दहा मिनिटं, कधी पंधरा. पण गट केल्यापासून वर्गात दंगा होत नसे. मी येईपर्यंत मुलं बारा कोंडाळी करून वाचत बसलेली असायची. दारात उभी राहून, ओला झालेला ब्लाउज पदराखाली झाकत मी ते ऐकायचे आणि मनात म्हणायचे, किती गुणी आहेत गं ही.

मुलांनी गटांना होड्यांची नावं दिली होती. सगळ्यांत पुढे असायची ती 'लक्ष्मीप्रसाद'. तिच्यात चौघं: कमळ, लहू, चंदर आणि शेवंती. कमळ नऊ वर्षांची, पहिलीत तिसऱ्यांदा बसलेली. बाकीचे तिघे सहा-सात वर्षांचे. मी तिला 'मागे पडलेलं मूल' म्हणून त्या गटात घातलं होतं, पण पंधरा दिवसांत ती त्या होडीची तांडेल झाली. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. ती डोळे वटारायची आणि तिघेही सरळ बसायचे.

कमळची आई कृष्णाबाई बाजारात मासे विकायची. जूनमध्ये नाव घालायला आली तेव्हाच तिने मला स्पष्ट सांगितलं होतं.

"बाय, ही तिसरी पाळी. यंदा पास झाली तर शिकल, मी आडवी नाय येनार. नापास झाली तर माझ्यासंगती बाजारान. मी एकटी किती उचलू?"

ती रागाने बोलली नव्हती. कमळ तिच्या पदराला धरून शेजारीच उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. त्यामुळे 'लक्ष्मीप्रसाद'मधून खणखणीत वाचन ऐकू यायला लागलं तेव्हा माझा जीव केवढा निवला असेल, बघा.

फेब्रुवारीत त्या दिवशी शेवंती आली नव्हती. तिच्या मावशीची हळद होती. मी फळ्यावर एक ओळ लिहिली, 'बाबा होडीत बसले', आणि म्हटलं, "लक्ष्मीप्रसाद, वाचा."

चंदर म्हणाला, "ब." कमळ म्हणाली, "बा." पुन्हा "ब", पुन्हा "बा". मग दोघेही थांबले.

"पुढे?"

कमळ 'हो' या अक्षराकडे बघत राहिली. "ओ," ती म्हणाली. मग चंदरने "ड" म्हटलं आणि तिने लगेच "डी" म्हटलं. "ओ... डीत," असं काहीतरी झालं.

"होडीत गो," लहू मधेच म्हणाला.

"तू कशाला बोलतंस? तुझं नाय ते," कमळने त्याला दटावलं. मग माझ्याकडे वळून अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाई, ते शेवंतीचं हाय. उद्या येल ती."

मला वाटलं थट्टा करते आहे. मी हसले. ती हसली नाही.

चौघांना काय येतं आणि काय येत नाही हे उलगडायला मला तीन दिवस लागले. शेवंती परत आल्यावर मी त्यांना माझ्यासमोर वाचायला बसवलं आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडांकडे बघितलं. इतके महिने मी नुसतं ऐकलं होतं. त्यांनी बाराखडी वाटून घेतली होती. 'क' पासून 'ञ' पर्यंत लहूचं. 'ट' पासून 'म' पर्यंत चंदरचं. 'य' पासून पुढचं सगळं शेवंतीचं. काना, मात्रा, वेलांटी, उकार हे कमळचं. ज्याचं अक्षर आलं त्याने ते म्हणायचं, कमळने त्याला काना-मात्रा लावून शब्द ओढायचा. हे इतकं भराभर चालायचं की दारातून ऐकणाऱ्याला चौघांनाही सगळं वाचता येतं असंच वाटावं. लिहितानाही तेच. पाटी हातोहात फिरायची. लहूने आपली अक्षरं काढायची, जागा सोडून चंदरकडे द्यायची, त्याने शेवंतीकडे, आणि शेवटी कमळ वरखाली फटकारे मारून ती पुरी करायची.

"हे असं करायला कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तुमीच," शेवंती म्हणाली. "मिळून करा म्हनालात ना?"

"होडीवर सगले सगलं करत नाय बाई," चंदरने मला समजावलं. "सुकाणू धरतो त्याने सुकाणूच धरायचं. ज्याचं काम त्याचं. आनि वाटा पन ज्याचा त्याचा."

मी म्हटलं, ठीक आहे, झालं ते झालं. आजपासून कमळ लहूची अक्षरं शिकेल, लहू चंदरची. कमळने मान हलवली. होकाराची नाही.

"लहूचा वाटा मी कशी घेऊ?"

"अगं, अक्षरं कुणाच्या वाट्याची नसतात."

"मग वाटली कशी आमी?"

मी तिला एकटीला बाजूला बसवून 'क' काढून दाखवला. तिने मान खिडकीकडे वळवली. जणू मी तिला दुसऱ्याच्या टोपलीत हात घालायला सांगत होते.

मुख्याध्यापक गुणाजी गुरुजींना सांगितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अनुपमाबाई, गट मोडा आणि घोकून घ्या. एप्रिलात तपासणीचे साहेब येणार. एकेकाला उभं करून वाचायला लावतात ते." मी गट मोडला. चंदर दोन तास रडला. लहूने पाटी पालथी टाकली आणि त्या दिवशी एक अक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी मी गट परत जोडला.

मृणालिनीबाईंना पोस्टकार्ड टाकलं. सगळी हकीकत त्यात मावेना, म्हणून बारीक अक्षरात कडेकडेनेही लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. 'मुले परस्परांवर अवलंबून राहून शिकत आहेत हे वाचून समाधान वाटले. प्रयोग चालू ठेवावा.' मी ते तीनदा वाचलं. चालू काय ठेवायचं ते कळेना.

आमचे हे साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. जेवताना त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग त्यात चुकलं काय? आमच्याकडे अख्खं मशीन बनवायला कोणाला येतं? मी दांडा काढतो, तो चौधरी दाते पाडतो."

"अहो, पण एकट्याला वाचता यायला नको?"

"ते यायला हवं," ते म्हणाले. भात कालवता कालवता थांबले. "पण पोरं म्हणतात ते पण बरोबर वाटतं."

तेवढ्यात लताने ताटलीत हात घातला आणि विषय तिथेच राहिला. मी तिची बोटं पुसत बसले. मला सारखं वाटत होतं, पंधरा मिनिटं उशिरा येणारी, दारातून नुसतं ऐकून खूश होणारी बाई नसती तर हे जुलैतच ध्यानात आलं असतं. पण उशिरा न येऊन मी काय केलं असतं, तेही समजत नव्हतं. पोर भुकेली ठेवली असती का?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी कृष्णाबाईकडे गेले. सांगायचं ठरवून गेले होते, पण तिच्या दारात पोचल्यावर धीर होईना. ती ओट्यावर बसून बोंबील साफ करत होती. मला बसायला पाट दिला. बोलता बोलता तिने चार-पाच बोंबील एका ताटलीत काढले आणि कमळला म्हणाली, "जा, मंजुळाकाकीला देऊन ये. आज त्यांची होडी नाय आली."

मंजुळाकाकी म्हणजे शेजारीण. कमळ ताटली घेऊन पळत गेली.

"घेतील त्या?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"न घ्यायला काय झालं?" कृष्णाबाई म्हणाली. "दिलं तर घेनार ना. मागून नाय येनार ती, उपाशी झोपल पन मागनार नाय. आनि मी पन तिच्या घरातून उचलून आनीन काय? पन दिलं तर घ्यायचं. उचलनं वायलं, दिलेलं घेनं वायलं."

मी तशीच उठले. "बाय, चाय?" ती मागून म्हणत होती. मी उद्या घेते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी 'लक्ष्मीप्रसाद'ला मी म्हटलं, "वाटा कुणी कुणाचा घ्यायचा नाही. कबूल. पण आपल्यातलं दुसऱ्याला द्यायला काय हरकत आहे? शेजारी मासे देतात तसं. रोज प्रत्येकाने एक अक्षर दुसऱ्याला द्यायचं."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवंतीने विचारलं, "दिल्यावर आपलं ऱ्हातं?"

"राहतं. अक्षराचं तसं असतं."

"मग झकास," चंदर म्हणाला.

कमळने पहिल्याच दिवशी सगळे काने-मात्रे तिघांनाही देऊन टाकले. एक-एक कसलं, सगळेच. पाटीवर काढून, त्यांचा हात धरून, चुकलं तर डोक्यात टपली मारून. शेवंतीने तिला 'र' दिला, मग 'स'. चंदर रोज दोन द्यायचा, तो सढळ हाताने देणारा मुलगा होता. मार्च संपता संपता शेवंती, चंदर आणि लहू तिघेही एकेकटे वाचायला लागले, अडखळत का होईना. कमळही वाचायची. फक्त काही ठिकाणी ती थांबायची आणि पुढच्या अक्षरावर उडी मारायची. मला वाटलं, दोन वर्षं मागे पडलेली मुलगी, वेळ लागणारच. मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा घोकून घेत होते, पण नक्की कोणत्या अक्षरांवर थांबते ते टिपून ठेवायचं सुचलं नाही. त्याच दिवसांत लताला दात येत होते आणि ती अंगावरून खाली उतरत नव्हती.

एप्रिलच्या आठ तारखेला साहेब आले. पन्नाशीचे, घामाघूम झालेले, हातात रुमाल. टेबलाशी बसून एकेकाला हाक मारायचे, पुस्तकात बोट ठेवायचे, मुलाने दोन ओळी वाचायच्या, साहेब रकान्यात लिहायचे. गुणाजी गुरुजी त्यांच्या खुर्चीमागे उभे. शेवंती पास. चंदर पास. लहूने एक शब्द दोनदा वाचला, पण पास. मग कमळ.

साहेबांचं बोट ज्या ओळीवर होतं ती माझ्या जागेवरून मला दिसत होती. 'काका गावाला गेले.'

कमळने ओळीकडे बघितलं. "आ," ती म्हणाली. "आ." मग एकदम, "साहेब, हे लहूचं हाय."

"काय?"

"हे लहूचं. त्यानं दिलं नाय."

साहेबांनी गुरुजींकडे बघितलं, गुरुजींनी माझ्याकडे. वर्गाच्या मधल्या रांगेतून लहू उभा राहिला.

"तिनं मागितलंच नाय," तो म्हणाला.

"मी कशाला मागू? चंदरनं न मागता दिलं. शेवंतीनं दिलं."

"त्यांनी मागितलं, म्हनून मी त्यांना दिलं. तू मागितलं नाय. तू तांडेल, तुला काय कमी?"

"खाली बस," गुरुजी लहूवर ओरडले. तो बसला नाही.

"बाई, हे काय चाललंय?" साहेबांनी मला विचारलं.

काहीतरी बनवून सांगता आलं असतं. मुलगी घाबरली आहे, एवढं म्हणून दुसरी ओळ मागता आली असती. त्यात लहूची अक्षरं आली नसती तर ती निभावूनही गेली असती. पण मला ते जमलं नाही. गटपद्धत, एक पाटी, वाटे, माझा उशीर, पोस्टकार्ड, शेजारणीला दिलेले बोंबील, सगळं मी सांगून टाकलं. उलटसुलट सांगितलं. साहेब रुमालाने मान पुसत ऐकत होते.

"म्हणजे हिला दहा अक्षरं येत नाहीत," ते म्हणाले.

"नाही. म्हणजे... हो."

"माझ्या रकान्यात नावं एकेकट्याची आहेत. होडीला रकाना नाही." त्यांनी पेन उघडलं. मला कृष्णाबाईचा ओटा दिसायला लागला.

कमळनेही ते पेन बघितलं असणार. ती लहूकडे वळली. तिला ते किती जड गेलं हे तिच्या मानेवरून कळत होतं.

"लहू," ती म्हणाली, "दे ना रे."

लहू बाकातून बाहेर आला. कुणाला न विचारता टेबलाशी गेला, टाचा उंच करून पुस्तकात वाकला आणि साहेबांच्या बोटाच्या शेजारी आपलं बोट ठेवलं. "हा क," तो म्हणाला. "घे. हा ग." मग पानं उलटत गेला. "हा ख. हा च. घ इकडे हाय. सगली घे." पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. साहेबांनी त्याला अडवलं नाही. पेन तसंच उघडं होतं.

"झालं?" साहेबांनी विचारलं. "आता बस जागेवर."

त्यांनी पुस्तक बाजूला सारलं. स्वतःच्या वहीचं कोरं पान घेतलं आणि त्यावर एक ओळ लिहिली. लिहून ते पान कमळपुढे सरकवलं.

कमळने वाचलं, "चिखलात घागर पडली, काकू जाग्यावरच खचल्या." एका दमात. कुठेही न थांबता. 'चिखलात' तिने कधी बघितलेला शब्द नव्हता, मला खात्री आहे.

साहेबांनी आणखी एक ओळ लिहिली. ती पण वाचली. मग त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "पाच मिनिटांत दहा अक्षरं कुणी शिकतं का हो?"

"नाही," मी म्हटलं.

"मग हिला आधीच येत होतं."

"मला माहीत नाही साहेब."

मला खरंच माहीत नव्हतं. नऊ महिने लहू रोज तिच्या शेजारी बसून ती अक्षरं म्हणत होता, तिच्या डोळ्यांसमोर, बोट ठेवून. ती ऐकून काना लावत होती. तिला ती येत असणार. पण मग मघाशी ती थांबली तेव्हा खोटं बोलत होती का? तिच्या चेहऱ्यावर खोटं नव्हतं. येत असून येत नाही असं कुणाचं होऊ शकतं का, हे मला कुठल्याच शिबिरात शिकवलं नव्हतं. साहेबांनाही शिकवलं नसावं. त्यांनी थोडा वेळ रकान्याकडे बघितलं आणि 'पास' लिहिलं. त्यापुढे काहीतरी कंसात लिहायला घेतलं, मग ते खोडलं.

शाळा सुटली तेव्हा कृष्णाबाई फाटकाशी उभी होती. बाजार अर्धा टाकून आली होती, हात अजून ओले होते. तिने मला काही विचारलं नाही, कमळलाच विचारलं.

"काय झालं?"

"पास."

"एकटीनं वाचलंस?"

कमळ माझ्याकडे बघायला लागली. कृष्णाबाईही बघायला लागली. वाचताना ती एकटीच होती. पण लहू टेबलाशी आला नसता तर? आणि तो आला तेव्हा त्याने दिलं तरी नेमकं काय?

"एकटीनं," मी म्हटलं.

कृष्णाबाईने कमळच्या डोक्यावरून हात फिरवला. ओल्या हाताने तिचे केस कपाळाला चिकटले. "मग जूनला दुसरीत बसव हिला बाय," ती मला म्हणाली. "बाजारान मी धाकटीला नेईन थोडी मोठी झाली म्हंजे." आणि जशी आली तशी भराभर बाजाराकडे निघून गेली. धाकटी म्हणजे कमळची बहीण, सुलक्षणा. तेव्हा चार वर्षांची होती.

मी कमळला म्हटलं, "उद्या सुलक्षणालाही घेऊन ये. नुसती बसू दे वर्गात."

"तिला काय द्यायचं?" कमळने विचारलं.

"तूच ठरव," मी म्हटलं, आणि घराकडे धावले.